रंजूला बसवून घेईल अशी शाळा

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातलीही चौथी अर्धीच. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये आधी हमाली केली, मग तिथेच मुकादम झालो. लिहिण्याचं मला काही काम पडलं नाही. पण मध्यंतरी पहूरहून एक माणूस आला. कडेवर नातू, आणि नातवाचे दोन्ही हात कानांवर. जळगावातच मेहरूणमधल्या एका म्हाताऱ्याच्या घरी असंच पोर होतं, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. म्हणाला, "आबा, पुढे काय होतं, तेवढं सांगा." मी सांगायला लागलो तर माझ्या आवाजाने त्याचा नातू किंचाळायला लागला. माझा आवाज मिलमधला आहे, तो लहान होत नाही. म्हटलं, तू घरी जा, मी लिहून पाठवतो.

ते हे लिहिलं. यात गोड काही नाही. गोड पाहिजे असेल त्याने इथेच ठेवून द्यावं.

जाऊळ

रंजू माझी नात. मुलगा भास्कर दीपनगरला वीज केंद्रात, तिथल्याच कॉलनीत राहायचा. सून सिंधू. पोर जन्मली तेव्हापासून किरकिरी. अंघोळीचा तांब्या अंगावर ओतला की पोळल्यासारखी ओरडायची. झबल्याची शिवण टोचायची, म्हणून उलटं घालायचो. कुकरची शिट्टी झाली की डोकं भिंतीवर आपटायची. मात्र छातीशी घट्ट आवळून धरलं की गप्प. हलक्या हाताने गोंजारलं की पुन्हा किंकाळी.

बायका म्हणाल्या, दात येताहेत. दात आले. मग म्हणाल्या, जाऊळ राहिलंय, त्याचा भार आहे.

आमच्यात मुलींचंही जाऊळ काढतात. धुळ्याकडे कुलदेवीला गेलो. मामाच्या मांडीवर पोर, समोर न्हावी, बाजूला संबळ वाजतंय. वस्तरा डोक्याला लागला आणि रंजूने अशी उसळी मारली की मामाचं धोतर लाल झालं. अर्धं डोकं तासलेलं, अर्ध्यावर केस, मधून रक्त. माझी थोरली बहीण, अक्का, देवीसमोर उभी राहून ओरडली, "धरा तिले! बठ्ठा मिळीसन धरा! अर्धं राह्यनं त देवी सोडी का?"

माणसं पुढे सरकली. मी पोर उचलली, उपरण्यात आवळली आणि एस.टी. स्टँडवर जाऊन बसलो. मागे स्वयंपाक तसाच पडला. त्यावरून अक्का माझ्याशी मरेपर्यंत नीट बोलली नाही. नाही तर नाही.

त्या दिवसापासून भावकीत रंजूचं नाव पडलं, 'अर्ध्या जाऊळची'. लग्नात नेली की कोणीतरी म्हणणारच, "हाई कसाले आणी? देवीना कोप शे तिन्हावर." आणि भास्कर, माझा शिकलेला मुलगा, मान खाली घालून ऐकायचा. तो विजेचं काम करायचा, पण मनात त्यालाही देवीचं वाटायचं.

डॉक्टर

जळगावच्या डॉक्टरने तिच्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली. ती किंचाळली आणि त्याच्या टेबलाखाली घुसली. तो म्हणाला, "मतिमंद आहे. दुसरं मूल होऊ द्या." म्हणेपर्यंत त्याचं लक्ष दारातल्या पुढच्या माणसाकडे गेलेलं.

रस्त्यावर आल्यावर सिंधूने पोर माझ्या हातात दिली. सून माझ्यासमोर सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आबा, तुम्ही धरा. माझ्या हातून पडेल." भास्कर पुढे चालत होता, जशी काही आमची त्याची ओळख नाही.

मी त्या एका टाळीवर पोर टाकणार नव्हतो. धुळ्याला एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेली. त्यांनी टाळी वाजवली नाही. कापसाचा बोळा तिच्या दंडावरून हळूच फिरवला, तिने हात हिसकला. मग तोच दंड त्यांनी मुठीत घट्ट दाबला. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

म्हणाले, "बुद्धी जागेवर आहे हिची. आपल्याला नुसतं लागतं ते हिला भाजतं. आवाजाचं तेच, कपड्याचं तेच."

"औषध?"

"नाही."

"मग नाव तरी सांगा या आजाराचं."

"नाव सांगून काय करता? ते ऐकून जळगावात कोणी दार उघडणार नाही." मग मला वाटलं उठा म्हणतील, तर म्हणाले, "लवकर शाळेत घाला. बालवाडीतच घाला. चार पोरांत बसायची सवय आता लागली तर लागली. घरात कोंडाल तर ही घराबाहेर कधीच बसणार नाही."

भास्करने तिला कॉलनीतल्या बालवाडीत घातली. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरी आणून सोडली. तिसऱ्या दिवशी साहेबाच्या बायकोने सिंधूला नळावर सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्याकडे असं आधी कोणी होतं का?"

भास्कर रंजूला घेऊन मेहरूणला आला. पिशवीत तिचे कपडे होते. म्हणाला, "आबा, दसऱ्याच्या आत कोणत्या शाळेने बसवून घेतली तर ठीक. नाहीतर अशा मुलांची एक संस्था आहे, तिथे ठेवतो. मी बोलून आलोय."

"जाऊळ पुरं कर आधी असं अक्का म्हणते, ते नाही म्हणालास?"

"तेही म्हणणार होतो."

मी त्याला चहा दिला नाही.

ती संस्था मी जाऊन बघितली. खोटं बोलणार नाही, तिथे पोरांना जेवण होतं, अंथरूण होतं. भिंतीला पाठ लावून पोरं ओळीने बसलेली. दर थोड्या वेळाने लोखंडाच्या तुकड्यावर हातोडा मारायचे, मग पोरं उठायची. उवा होऊ नयेत म्हणून सगळ्यांची डोकी वस्तऱ्याने तासलेली. मी विचारलं, "जे पोर तासू देत नाही त्याचं काय करता?" तिथला माणूस हसला. म्हणाला, "धरतो."

मिल

माझी बायको आधीच गेलेली. घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून पोर मिलमध्ये नेली. शेठ म्हणाला, "मुकादम, इतक्या आवाजात ही मरेल." मलाही तीच धास्ती होती. पण एक पाहिलं. सारखा चालणारा आवाज तिला चालायचा. मध्येच फुटणारा चालत नव्हता. मिलची घरघर सकाळी सुरू झाली की दिवसभर तीच. रंजू तुरीच्या पोत्यांची थप्पी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरायची आणि दोन्हीकडून दाबून घेऊन निवांत बसायची.

मिलमध्ये तोंडाने बोलून उपयोग नसतो, शेजारच्याचं ऐकू येत नाही. सगळा कारभार हाताने. मूठ वर केली की पट्टा बंद. तळहात खाली दाबला की ठेव. बोटं आपल्याकडे वळवली की ये. ओंजळ तोंडाजवळ नेली की पाणी. माझे हमाल दिवसभर असेच बोलायचे, शिव्यासुद्धा हाताने द्यायचे. रंजू फटीतून बघायची. तोंडाने हाक मारली तर कान झाकणारी पोर, मी बोटं वळवली की उठून यायला लागली. शिवी पण शिकली. शेठला दिली एकदा.

भास्करला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मुकी पण करून ठेवा तिला."

दारं

पहिली बालवाडी चांगल्या वस्तीतली. बाई म्हणाल्या, "गणवेश, बूट, मोजे, दोन वेण्या." मी म्हटलं, बूट ती घालत नाही, वेणी घालू देत नाही, बसेल मात्र. त्यांनी तिच्या केसांकडे पाहिलं. वस्तरा लागलेल्या बाजूला वण राहिला होता, तिथे केस विरळ. एक आई पोराला सोडायला आली होती. तिने पोर मागे ओढलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "लागण होत नसेल ना याची?" बाईंनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागतं.

दुसऱ्या बालवाडीत घेतली. मी जुन्या धोतराची पिशवी शिवून तिच्यात हरभरे भरले होते. मांडीवर ती जड पिशवी असली की रंजूचे पाय शांत राहायचे. बाईने ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, पोरीवर ओझं ठेवता? हमालाच्या घरची म्हणून आतापासून सवय लावताय काय?" पोरं हसली. बाईने पिशवी काढून घेतली, थोड्या वेळाने प्रार्थनेची घंटा झाली आणि रंजूने शेजारच्या पोराच्या हाताचा लचका तोडला. त्याच्या बापाने मला रस्त्यात गाठून धक्का दिला. माझ्या वयाच्या माणसाला. मी उलटा हात उचलला नाही, कारण कडेवर रंजू होती. तेवढ्यासाठीच उचलला नाही.

मग कुसुमबाई. मेहरूणमध्येच एका खोलीत आणि पुढच्या ओट्यावर तिची बालवाडी होती. विधवा बाई, आवाज काठीसारखा. जवळच इंग्रजी केजी निघाल्यामुळे तिची पोरं गळत चाललेली.

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही.

"चावते?"

"चावते."

"कपडे ओले करते?"

"घाबरली तर."

"आणा उद्यापासून. दया आली म्हणून घेत नाही, मुकादम. पोरं कमी पडताहेत म्हणून घेते. आणि माझी पाणी भरणारी बाई गेलीय. तुम्ही इथेच बसून राहणार असाल तर नुसते बसू नका."

असा मी, ज्याच्या एका मुठीवर मिलचा पट्टा थांबायचा तो मुकादम, बालवाडीचा ओटा झाडायला लागलो. मिलमधली सकाळ दुसऱ्याकडे सोपवली. माझे हमाल रस्त्याने जाता-जाता थांबायचे. एकाने हाताने विचारलं, केर कुठे टाकू. मी त्याला हातानेच उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

घंटा वाजवणं माझ्याकडे आलं. पितळी, हातात धरून हलवायची. मी ती वाजवलीच नाही. दारात उभा राहायचो आणि मूठ वर करायचो. पोरांना खेळ वाटला. माझ्याकडे बघून गप्प बसायची, तळहात खाली दाबला की धपकन बसायची. मला 'मुका आबा' म्हणायला लागली. रंजू कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसायची, पण बसायची. मला वाटलं, जिंकलं.

कुसुमबाई काही दिवस बघत राहिली. एका दुपारी पोरं गेल्यावर म्हणाली, "मुकादम, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"का? बसते ना ती?"

"तुमच्यासाठी बसते. माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाही तिने. तुमच्या हाताकडे बघते. पहिलीत सरकारी शाळेत तुम्हाला कोण उभं करणार? तुम्ही मेल्यावर हिला कोण हात करणार?"

"मी इतक्यात मरत नाही."

"सगळे असंच म्हणतात. माझा नवराही म्हणत होता."

मी तिला बरंच बोललो. ती झाडू उचलून बाजूला ठेवत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "दसरा कोणाचा जवळ आलाय, तुमचा की माझा?"

भिंत

दुसऱ्या दिवशी रंजूला ओट्यावर ठेवली आणि मागे वळलो. तिने हाक मारली नाही. ती हाक मारायचीच नाही. बोटं वळवली तिने. ये. पुन्हा वळवली. कुसुमबाईने दार लावलं.

बालवाडीच्या भिंतीला लागून कडुनिंब होता, त्याच्याखाली बसलो. आतून जो आवाज यायचा तो ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. जनावर कापताना येतो तसा. ओट्यावर टाचा आपटल्याचा, पाटी फुटल्याचा, बाकीच्या पोरांच्या रडण्याचा. समोरचा पानवाला दुकान सोडून आला. "आबा, उठा ना. पोर मरी जाई तठे."

"मरत नही. तू पान लाव."

"काय दगड शे तुम्ही."

मी हात काखेत दाबून बसायचो. वर आले असते तर खिडकीतून तिला दिसले असते, आणि तिला दिसले असते तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. रोज घरी आणायचो तेव्हा तिच्या टाचा सोललेल्या असायच्या. ती माझ्याकडे पाठ करून झोपायची. तिला आवळून धरायला गेलो तर मलाच चावली. वण अजून आहे मनगटावर. पहूरच्या भाऊ, तुम्ही विचारलं ना पुढे काय होतं? हे होतं. आपलंच पोर आपल्याला चावतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा तिथेच नेऊन सोडावं लागतं. माझ्यापेक्षा मऊ काळजाचा माणूस असेल तो हे करू शकणार नाही. मी केलं.

मग एका सकाळी आवाज आला नाही. मी वाट पाहिली. आता येईल, आता येईल. नाही आला. वाटलं, पोर गेली. उठून खिडकीच्या कडेने बघितलं.

कुसुमबाई खुर्चीवर बसून पोरांना गाणं शिकवत होती. खुर्चीला लागून बाक, बाकाखाली रंजू, मांडीवर हरभऱ्याची पिशवी. आणि बाईचा पाय रंजूच्या पायांवर. नुसता ठेवलेला नाही, दाबलेला. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, बाई पोर तुडवतेय. रंजू वर बाईच्या तोंडाकडे बघत होती.

मी पुन्हा झाडाखाली येऊन बसलो. पानवाल्याला म्हटलं, "लाव एक पान."

भास्कर

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी भास्कर आला. मी त्याला खिडकीपाशी उभा केला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाकाखाली बसलीय ती. याला शाळेत बसणं म्हणतात?"

कुसुमबाईने आतूनच ऐकलं. "बसलीय ना? वर बसायचं की खाली, ते माझं मी बघेन. तुम्हाला बघायचं तर चपला काढून आत या. खिडकीत उभे राहून पोरांचं लक्ष काढू नका."

तो आत गेला नाही. तेवढ्यात सुट्टी झाली. बाईने घंटा हलवली आणि टण् व्हायच्या जागी थप् झालं. घंटेच्या लोळकाला चिंधी गुंडाळलेली होती, निळ्या लुगड्याच्या काठाची. भास्कर म्हणाला, "घंटा फुटलीय का?" कुसुमबाईच्या अंगावर तेच निळं लुगडं होतं, काठ नसलेलं.

त्या संस्थेचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आला तेव्हा आपट्याची पानं रंजूपुढे धरली. पानं खरबरीत असतात, तिने हात मागे घेतला. तो धरून उभा राहिला. मग खिशात ठेवली. मला दया आली, पण सांगितलं नाही. 'याला शाळेत बसणं म्हणतात?' असं तो म्हणाला होता, ते मी विसरलो नव्हतो.

आता

रंजू बाकाखालून बाकावर आली, ते पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. मग पहिलीत गेली. पहिलीच्या बाईने पहिल्याच दिवशी छडी आपटली, रंजू वर्गातून पळाली, मेहरूणच्या तळ्याच्या काठावर सापडली. मी आणि कुसुमबाई दोघं त्या बाईकडे गेलो. मी ओरडलो, त्याचा उपयोग झाला नाही. कुसुमबाई काय बोलली माहीत नाही, मला बाहेर काढलं होतं. छडी बंद झाली.

आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही. शिवण अजून टोचते. वरातीचा बँड आला की ती घराच्या सर्वांत आतल्या खोलीत जाते. जाऊळ अर्धंच आहे. देवीने अजून मागितलं नाही, मागेल तेव्हा माझ्याकडे मागावं.

गेल्या आठवड्यात तिच्या हायस्कूलच्या फाटकाशी उभा होतो. पोरी सुटल्या, गलका झाला. रंजू मैत्रिणींमध्ये होती. दोघी-तिघीच, पण मैत्रिणी. मी सवयीने हात वर केला आणि बोटं वळवली. ये.

ती जागीच थांबली. मैत्रिणीने तिच्या कानात काहीतरी म्हटलं आणि हसली. रंजूचं तोंड लाल झालं. तिथूनच, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आबा, तोंडाने बोला ना! मुक्यासारखे हात काय करता? पोरी हसतात!"

आवाज थेट कुसुमबाईचा.

मी हात खिशात घातला. मुकादमी केली तेवढ्या काळात कोणाची टाप नव्हती मला चारचौघांत असं बोलायची. ती मैत्रिणींबरोबर पुढे चालायला लागली, मी मागे. एकदाही वळून बघितलं नाही तिने.

घरी आल्यावर मी शिरा केला. तिने खाल्ला नाही, रवा दाताला लागतो म्हणाली. मी दोन वाट्या खाल्ल्या.